येते-जाते तक्रार: जुन्या ट्रकच्या वायरिंगमधला फॉल्ट कसा पकडायचा

लाइट कायमची गेली तर शोधणं सोपं असतं. बल्ब गेलेला असतो, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर वायर तुटलेली असते. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, लावला की पाच मिनिटांत कळतं. डोकं खातो तो येता-जाता फॉल्ट. खड्ड्यात गाडी आदळली की टेल लाइट जाते, पुढच्या खड्ड्यात परत येते. गॅरेजला आणून उभी केली की सगळं ठणठणीत. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की रात्री तीनदा गेली होती, आणि तुमच्यासमोर ती लख्ख पेटलेली असते.

कराडजवळ हायवेला माझं ट्रकच्या वायरिंगचं काम चालतं. ऊसतोड सुरू झाली की चार-पाच महिने अशा गाड्यांची रीघ लागते. बहुतेक गाड्यांवर आधीच बराच खर्च झालेला असतो. कोणी अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) बदललेला असतो, कोणी बॅटऱ्या, कोणी स्टिअरिंगजवळचा आख्खा कॉम्बिनेशन स्विच. फॉल्ट जिथल्या तिथे. ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे किंवा जे वायरमनच्या हाताखाली नवे लागले आहेत, त्यांना मला मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे: फॉल्ट तुम्ही बोलावल्यावर यायला लागेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. तो हुकमी आणता आला की जागा सापडायला वेळ लागत नाही. पुढचं सगळं त्याला बोलवायचं कसं, याबद्दलच आहे.

आधी विचारा, मग उघडा

पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला चहा पाजा आणि बोलतं करा. लाइट कधी जाते? थंड गाडीत, की दोन तास चालल्यावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर? ब्रेक मारताना, वळणावर, की खड्ड्यात? एकटी जाते, की सोबत आणखी काही जातं? पार्किंग आणि मीटरची लाइट एकदम जात असेल तर त्या दोघींची वाट जिथे एक आहे तिथेच बघायचं, मागच्या बल्बपाशी झोपून उपयोग नाही. आणि शेवटी, गाडीवर अलीकडे काय काम झालं? नवा हॉर्न बसवला, गाण्यांचा टेप लावला, बॉडीला वेल्डिंग केलं, की सीटखालची पेटी हलवली? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या.

यातला एक प्रश्न मी एकदा विचारला नव्हता, त्याचे तीन दिवस गेले. उसाची दहाचाकी गाडी होती. पार्किंगचा फ्यूज उडायचा. जुना चिनी मातीचा फ्यूज, पांढरा, ८ अँपिअरचा. शेतातून कारखान्यावर जाईपर्यंत दोन-तीन फ्यूज खायची. गॅरेजला रिकामी उभी करून मी सगळं हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) हलवून पाहिलं, टेल लॅम्प खोलले, होल्डर बदलले. फ्यूज काही उडेना. चौथ्या दिवशी ड्रायव्हरला विचारलं, "मामा, रिकामी येताना उडतो का हो?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "न्हाई ओ मिस्त्री. रिकामी येताना एकदाबी न्हाई."

गाडी भरून आणायला सांगितली. खाली शिरलो आणि टॉर्च मारला तर दिसलं. बॉडी धरणारे यू-बोल्ट ढिले होते. मागच्या बाजूला हार्नेसची एक क्लिप तुटून वायरी वर सरकल्या होत्या आणि चेसिसचा गर्डर व बॉडीच्या लाकडी रनरच्या फटीत गेल्या होत्या. रिकाम्या गाडीत ती फट मोकळी असायची. ऊस भरला की लाकूड खाली बसायचं आणि प्रत्येक दणक्याला वायर चेसिसवर रगडायचं. टेप कापून पाहिली. सगळीकडे काळं ग्रीस आणि माती, आणि मधेच एका वायरीचं कव्हर नखाएवढं सोललेलं, आतलं तांबं घासून घासून नव्या पैशासारखं चमकत होतं. काम अर्ध्या तासाचं निघालं.

भरलेली की रिकामी, हा प्रश्न आता मी सगळ्यात आधी विचारतो.

गाडीखाली जाण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे. केबिन उचलणारी गाडी असेल तर केबिनचा लॉक बसलाय का ते हाताने हलवून बघा. टिपर असेल तर वर उचललेल्या हौद्याखाली सेफ्टी टेकू लावल्याशिवाय डोकं घालू नका. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. २४ व्होल्टचा शॉक तसा लागत नाही, पण कडं पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मधे आलं तर क्षणात लाल होतं आणि मनगट भाजतं.

बॅटरीचं कनेक्शन काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. असं केलं की पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथे बिडी-सिगारेट नको.

अजून एक खोड मोडायला हवी. अल्टरनेटर चालतो का हे पाहायला काही जण चालू गाडीत बॅटरीची केबल काढतात. डायनॅमोच्या काळातली ती सवय आहे. अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर त्याने उडू शकतात. एक फॉल्ट शोधायला जाल आणि दुसरा पदरात घेऊन याल.

हत्यारं थोडीच लागतात

टेस्ट लॅम्प, डिजिटल मल्टिमीटर, मगर क्लिप लावलेल्या दोन लांब वायरी, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) आणि ते दाबायचा चांगला पक्कड, चिकटपट्टीची टेप, वायरीवर चढवायची स्लीव्ह. आणि एक माणूस, जो केबिनमध्ये बसून ओरडून सांगेल.

नवीन मुलं मल्टिमीटर आला की टेस्ट लॅम्प फेकून देतात. फेकू नका. वायरीतल्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली, तरी मल्टिमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. तिथेच २१ वॅटचा बल्ब लावा. त्याला २४ व्होल्टवर पाऊण-एक अँपिअर लागतो. त्या एका तारेने तो नीट मिळाला नाही की बल्ब मिणमिणतो, आणि वायर हलवली की जातो-येतो. आकडा पाहायला मीटर, पण वायरीची ताकद जोखायला बल्ब.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी किती व्होल्टची ते बघा. ४०७ सारख्या लहान गाडीत १२ व्होल्ट असतात, मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४. बल्ब आणि रिले (करंटवर चालणारे लहान स्विच) त्या हिशोबाने घ्यायचे.

बॅटरीपासून सुरुवात

फॉल्ट मागच्या लाइटचा असला तरी सुरुवात इथूनच. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, दोन मिळून २५.२. इंजिन रेसवर ठेवल्यावर २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.५ ते २८.५ दिसायला हवेत. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेले असतात. मग एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम ओव्हरचार्ज. ती वायर काढा आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

आता टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी फिरलं तरी ढिलं. मग दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तुकड्यासकट प्रत्येक जाड केबल थिंबलजवळ वाकवा. बाहेरून केबल धडधाकट दिसते, पण ॲसिडची वाफ थिंबलमधून आत शिरून तांबं खात जाते. वाकवल्यावर आतून वाळूसारखी कुरकुर लागली किंवा हिरवट भुकटी पडली तर ती केबल गेली. खड्ड्यात क्षणभर सगळी गाडी मेल्यासारखी होते आणि परत जिवंत होते, अशी तक्रार असेल तर आधी या केबली आणि मग इग्निशन स्विच बघा.

जुन्या ट्रकबद्दल इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला चालत राहायला करंट लागत नाही. केबल ओढून बंद करायच्या गाडीत सगळी लाइट गेली तरी इंजिन चालूच राहतं. लाइटबरोबर इंजिनही बंद पडत असेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (करंट गेला की डिझेल बंद करणाऱ्या खटक्याची) वायर त्याच वाटेवर आहे, आणि तुमचं शोधायचं क्षेत्र एकदम लहान झालं.

अर्थिंग, अर्थिंग आणि पुन्हा अर्थिंग

मी उघडलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त फॉल्ट इथेच सापडले. बल्बपर्यंत करंट वायरीतून जातो, पण परत येतो तो चेसिसमधून. पॉझिटिव्हची वायर सगळे बघतात. परतीच्या वाटेवरचा गंज, रंग, चिखल कोणी बघत नाही.

खराब अर्थिंगची ओळख सोपी आहे. उजवा इंडिकेटर दिला की त्याच दिव्यातली पार्किंगही मिणमिण उघडझाप करते. ब्रेक मारला की पार्किंग मंद होते. म्हणजे करंटला घरी जायची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा वाट काढतोय.

मोजायची पद्धत अशी. लाइट चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबाला, लाल पिन त्या दिव्याच्या अर्थच्या जागेवर. आदर्श आकडा शून्य. ०.१-०.२ चालतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर मधे कुठेतरी गंज आहे. काळी पिन हलवू नका, लाल पिन एकेक टप्पा पुढे न्या: दिव्याचा पत्रा, मग ब्रॅकेट, मग चेसिस, मग केबलचा बोल्ट. जिथे आकडा एकदम पडतो त्या दोन टप्प्यांच्या मधे खराबी. आणि आकडा बघताना ती जागा हलवत राहा, कारण उभ्या गाडीत तो गंज कधीकधी नीट टेकलेला असतो.

इंजिनचं अर्थ वेगळं बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते. ती तुटली की सेल्फ मारताना करंट ॲक्सिलरेटरची केबल, गिअरचा रॉड, जिथून मिळेल तिथून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर आधी ही पट्टी शोधा. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. समजा ३०० ओढतोय आणि वाटेत नुसता ०.०१ ओहमचा अडथळा आहे, तर ३ व्होल्ट तिथेच संपले. म्हणूनच बॅटरी चांगली असूनही गाडी एखाद्या सकाळी नुसती कट् करून गप्प बसते आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते.

हलवून, ओढून, ठोकून

अर्थिंग नीट असेल तर आता हार्नेस. एकजण केबिनमध्ये, लाइट चालू. तुम्ही फ्यूज बॉक्सपासून निघा आणि वीतभर वीतभर करत मागे जा. प्रत्येक कपलर (वायरी एकमेकांत अडकवायचा प्लग) दाबा, ओढा, पिळा. रिलेला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. घाई करू नका. हार्नेसला झटका देऊ नका, नाहीतर जी तार ढिली टेकली होती ती घट्ट टेकून बसेल आणि खरी जागा लपेल.

एकटे असाल तर टेल लाइटच्या जागी रिव्हर्सचा बझर जोडा. गाडीखाली असताना दिसत नाही, पण आवाज थांबला की कळतं.

कुठे जास्त वेळ द्यायचा? स्टिअरिंगखालच्या वायरी, कारण त्या हलत असतात. क्लच-ब्रेकच्या पेडलमागे. केबिनमधून चेसिसवर उतरायची जागा, कारण केबिन एकीकडे हलते आणि चेसिस दुसरीकडे. चेसिसच्या भोकातलं रबर जिथे पडून गेलंय तिथे पत्र्याची धार सुरीचं काम करते. सायलेन्सरजवळ कव्हर भाजून कडक होतं. सीझन संपल्यावर पावसाळाभर शेतात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर घरं करतात. सीटखाली आणि डॅशबोर्डमागे कुरतडलेल्या वायरी बघा. आणि गाडीत नंतर कोणी जिथे जिथे जोड मारलाय तिथे. नुसतं कव्हर सोलून, वायर गुंडाळून, वर टेप. सजावटीच्या माळा, जादा हॉर्न, पंखा, सगळे असेच जोडलेले असतात. मी तर जुनी गाडी आली की पहिल्यांदा हे जोड मोजतो.

फ्यूज उडत असेल तर

फ्यूजवर फ्यूज लावत बसू नका. उडालेला फ्यूज काढा, त्या वाटेवरचे सगळे बल्ब होल्डरमधून काढा, आणि फ्यूजच्या दोन टोकांना २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट नसेल तर बल्ब बंद. वायर चेसिसला टेकली की तो पूर्ण पेटतो, पण करंट अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे वायर जळत नाही. आता वरच्यासारखं हलवत जा. बल्ब पेटला की थांबा. हात तिथेच ठेवा. पेटूनच राहिला तर मागून एकेक कपलर काढत या. जो काढल्यावर बल्ब विझला, त्याच्या मागच्या, टेल लाइटकडच्या तुकड्यात शॉर्ट.

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी लावणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे. आठ अँपिअरचा फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तार लावली की वायर स्वतःच फ्यूज बनते, आणि ती जळते तेव्हा केबिनमध्ये झोपलेला क्लीनर आत असतो. रंग नीट ओळखा: जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. नव्या पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. निळा म्हणून दिला आणि २५ च्या जागी १५ गेला, किंवा पिवळा म्हणून ५ च्या जागी २०, असं होता कामा नये.

ऊन आणि पाणी

थंड गाडीत चालतं आणि तापल्यावर जातं, तर संशय फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करणारा), रिले, अल्टरनेटर आणि सेल्फच्या सोलेनॉइडवर. केस वाळवायच्या ड्रायरने एकेक रिले तापवा. पावसात जातं, तर फवाऱ्याच्या बाटलीने एकेका कपलरवर साधं पाणी मारा. एकावेळी एकच जागा. सगळीकडे पाइपने पाणी मारलं तर फॉल्ट येईल, पण कुठून आला ते कळणार नाही. कोकणातल्या गाड्यांचे कपलर तर उघडूनच बघा. खाऱ्या हवेने पिना हिरव्या झालेल्या असतात.

उभ्या गाडीत येतच नाही तेव्हा

काही फॉल्ट खंबाटकी घाट चढल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. अशावेळी दोन लहान बल्ब केबिनमध्ये लावा. एकाची वायर फ्यूजच्या बाहेरच्या टोकावरून, दुसऱ्याची मागच्या टेल लॅम्पच्या होल्डरजवळून. दोन्ही वायरींना सुरुवातीलाच लहान फ्यूज घाला. दोन्ही बल्बांचं अर्थ केबिनमध्येच. गाडी रस्त्यावर न्या; बल्बांकडे शेजारी बसलेला माणूस बघेल, ड्रायव्हरने रस्त्यावरच बघायचं.

टेल लाइट गेली त्या क्षणी पहिलाही विझला तर खराबी फ्यूजच्या आधी: फ्यूजची पकड, स्विच, इग्निशन. पहिला पेटलेला आणि दुसरा विझलेला, तर दोघांच्या मधे. दोन्ही पेटलेले आणि तरी मागे अंधार, तर होल्डर किंवा मागचं अर्थ. खराबी दोघांच्या मधे निघाली तर दुसरी वायर अर्ध्यावर आणा, केबिन आणि चेसिसच्या कपलरवर, आणि परत एक फेरी. दोन-तीन फेऱ्यांत चाळीस फुटांची वायर पाच-दहा फुटांवर येते.

दुरुस्ती कायमची करा

जागा सापडली की नुसती टेप गुंडाळून सोडू नका. काळं पडलेलं तांबं कापत मागे या, लालसर चमक दिसेपर्यंत. तेवढ्याच जाडीची नवी वायर घ्या, थिंबल किंवा जोडनळी पक्कडने दाबून बसवा, ओढून बघा, वर स्लीव्ह. हलणाऱ्या जागी नुसत्या सोल्डरच्या डागावर भरवसा ठेवू नका. डाग दिलेला भाग कडक होतो आणि वायर त्याच्या कडेला तुटते. वायर पुन्हा घासणार नाही अशी वळवा, दर फुट-दीड फुटावर क्लिप मारा, आणि भोकात रबर मिळालं नाही तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट बांधा.

अर्थच्या जागी पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन आणि मग बोल्ट असं नको. जुन्या गाडीत मी टेल लॅम्पपासून चेसिसपर्यंत अर्थची वेगळी वायरही ओढतो, दिव्याच्या गंजक्या ब्रॅकेटवर विसंबत नाही. मागची लाइट नसलेली उसाची गाडी रात्री रस्त्यावर किती जीव घेते, ते या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नंतर बरोबर अँपिअरचा फ्यूज घाला, तपासणीचे बल्ब आणि वायरी काढा, आणि ज्या अवस्थेत फॉल्ट येत होता त्याच अवस्थेत गाडी चालवा. भरलेली असताना येत होता तर भरून, पावसात येत होता तर पाणी मारून. त्या उसाच्या गाडीचे यू-बोल्ट आवळून, वायर खालच्या बाजूने नव्या क्लिपांत बसवून मी तिच्यात बसूनच कारखान्याच्या काट्यापर्यंत गेलो होतो. मग वहीत नोंद केली, जशी तुम्हीही प्रत्येक गाडीची करा: तारीख, गाडीचा नंबर, "पार्किंग फ्यूज, फक्त भरलेली असताना, मागचा रनर, डावी बाजू, वायर खालून फिरवली."